अमेरिकेतून आलेले सहा डबे

प्रश्न: मी ६४ वर्षांची, सांगलीला राहते. यजमान ६९ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. त्यांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. चार वर्षांपूर्वी स्टेंट टाकला, तेव्हापासून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळीही असते. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. मुलगा डॅलसला असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तो डबे पाठवतो : पन्नाशीपुढच्यांसाठीचं मल्टिव्हिटॅमिन, फिश ऑइल, काळी मिरी घातलेलं करक्युमिन (हळदीचा अर्क), व्हिटॅमिन ई ४००, अश्वगंधाच्या गमीज आणि माझ्या केसांसाठी बायोटिन. बायोटिनचा डबा मी फोडलेला नाही. मल्टिव्हिटॅमिन यांनी बंद केलं, कारण लघवी गडद पिवळी व्हायला लागली. बाकीचे डबे चालू आहेत. शिवाय शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून दिवाळीपासून दर रविवारी व्हिटॅमिन डीची ६० हजारांची पुडी दुधातून घेतात. अलीकडे त्यांच्या तळपायांना मुंग्या येतात, रात्री अंधारात बाथरूमला जाताना तोल जातो. ‘शुगरचं असेल’ म्हणतात. हाताला जरा धक्का लागला तरी काळंनिळं होतं. माझं काही विशेष नाही. थायरॉइडची गोळी आहे, वर्षभरात डोस दोनदा वाढवला तरी रिपोर्ट सुधारत नाही. कॅल्शियमची गोळी सकाळी तिच्याबरोबरच घेऊन टाकते, म्हणजे विसरत नाही. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. खाणं साधंच : सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पोळी-भाजी, रात्री वरणभात. या वयात हे डबे घ्यावेच लागतात का? त्यांनी कॅन्सर, विसरभोळेपणा, हार्ट ॲटॅक टळतो का? नको म्हटलं तर मुलाला वाईट वाटेल.

उत्तर:

ताई, आधी यजमानांच्या पायांचं बोलू, कारण ते लांबणीवर टाकण्यासारखं नाही. डब्यांचं नंतर.

मुंग्या मधुमेहाने येतात हे खरं. पण बी-१२ कमी पडलं की अगदी तशाच येतात, आणि शुगर आहे म्हटल्यावर दुसरं कारण शोधायला कुणी जात नाही. तुमच्या यजमानांच्या बाबतीत बी-१२ कमी व्हायला एक सोडून तीन कारणं हजर आहेत. बी-१२ वनस्पतींत नसतं. शाकाहारी माणसाला ते मिळतं दुधा-दह्यातून, तेही थोडं. दुसरं, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यात बी-१२ शोषलं जाण्याचं प्रमाण घटतं. हे नवं ज्ञान नाही. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२२ मध्ये डॉक्टरांना सूचनाच दिली की मेटफॉर्मिनवरच्या रुग्णाला लक्षणं दिसली तर बी-१२ तपासा. तिसरं म्हणजे ती सकाळची ॲसिडिटीची गोळी. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते सुटं व्हायला पोटात आम्ल लागतं, आणि ती गोळी नेमकं आम्लच कमी करते.

अंधारात तोल जातो हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. पाय कुठे पडतोय याची खबर मज्जातंतू मेंदूला देत असतात. ती खबर पोचेनाशी झाली की दिवसा डोळे सांभाळून घेतात आणि रात्री दिवा गेला की माणूस भेलकांडतो. म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा, मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे ते सांगा आणि बी-१२ची तपासणी मागून घ्या. बरोबर हिमोग्लोबिन, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सीही होऊन जाऊ द्या. बी-१२ कमी निघालं तर इंजेक्शनं द्यायची की १,००० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या, हे डॉक्टर ठरवतील. गोळीतलं बी-१२ आधीच सुटं असतं, त्याला आम्लाची गरज नाही. मज्जातंतूंचं नुकसान लवकर पकडलं तर बऱ्यापैकी भरून येतं, पण फार दिवस रेंगाळलं तर काही भाग कायमचा राहतो. मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी मात्र परस्पर बंद करू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्या असताना पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणूनही ती दिलेली असते.

बी-१२ची ही कमतरता एकट्या तुमच्या घरातली नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं, आणि सगळ्यात वाईट अवस्था शहरी मध्यमवर्गाची होती. म्हणजे दोन वेळचं व्यवस्थित जेवणारी, बँकेत-शाळेत नोकरी करणारी माणसं.

आता गंमत बघा. सहा डब्यांमधल्या ज्या एका डब्यात बी-१२ होतं, तोच यजमानांनी बंद केला! पिवळी लघवी म्हणजे फक्त रायबोफ्लेविन, बी-२. शरीराला लागलं तेवढं ठेवून उरलेलं बाहेर टाकलं जातं, त्याचा तो रंग. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

बाकीच्या डब्यांबद्दल मी एवढी मवाळ नाही.

व्हिटॅमिन ई ४०० आजच बंद करा. अमेरिकेत ३५ हजारांवर पुरुषांना घेऊन एक मोठी चाचणी झाली, ‘सिलेक्ट’ नावाची. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का, हे बघायचं होतं. २०११ मध्ये निकाल आला : रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त. तुमच्या डब्यावर छापलाय तोच आकडा. त्याच्याही आधी, १९९४ साली, फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनची चाचणी झाली होती. गाजरातला हा घटक फुप्फुसाचा कॅन्सर रोखेल अशी आशा होती, प्रत्यक्षात तो १८ टक्क्यांनी वाढला. गाजराने काही बिघडत नाही. गाजरातला एक घटक काढून, घट्ट करून, वर्षानुवर्षं गिळला की शरीर काय करेल याचा अंदाज शास्त्रज्ञांचाही चुकला. तेव्हापासून ‘अँटिऑक्सिडंट आहे, घ्या, नुकसान तर नाही ना’ हे वाक्य मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

फिश ऑइल. अंडंही न खाणाऱ्या घरात माशाचं तेल रोज सकाळी जातंय, तेही बहुधा जिलेटिनच्या कॅप्सूलमधून, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. यजमानांना हे ठाऊक आहे का? ठाऊक असून चालत असेल तर माझी काही हरकत नाही. पण फायद्याचं विचाराल तर ‘व्हायटल’ नावाच्या चाचणीत २५ हजारांहून अधिक लोकांना सुमारे पाच वर्षं ओमेगा-३ (फिश ऑइलमधला मुख्य घटक) आणि व्हिटॅमिन डी देऊन पाहिलं. २०१८च्या निकालानुसार दोहोंपैकी कशानेही कॅन्सर किंवा हृदयविकाराचे मोठे झटके ठळकपणे कमी झाले नाहीत. जास्त मात्रेच्या ओमेगा-३ने तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढलेला दिसला आहे. स्टेंट असलेल्या माणसाने हे हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता घेऊ नये.

करक्युमिनचं ऐकून बऱ्याच जणांना राग येतो, कारण हळद आपली. पण भाजीत पडणारी चिमूटभर हळद वेगळी आणि कॅप्सूलमधला अर्क वेगळा. साधी हळद रक्तात फारशी उतरत नाही, म्हणून तर कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात. उतरण्याचं प्रमाण वाढलं तसे लिव्हरला सूज आल्याचे रुग्णही दिसू लागले. इटलीने आणि ऑस्ट्रेलियाने याबद्दल अधिकृत इशारे दिलेत. अश्वगंधाचंही तेच. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. तुमच्या घरात तिची आणखी एक अडचण आहे : ती थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकते आणि शुगर उतरवू शकते. म्हणून यजमानांसाठी नको, आणि उरल्यात म्हणून तुम्ही तर त्या गमीज अजिबात संपवू नका. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ म्हणणाऱ्यांना कोविडच्या काळातली गुळवेल आठवत असेल. २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेलीचा काढा नियमित घेणाऱ्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली होती, सगळ्यांच्या लिव्हरला इजा झालेली. त्यावर वादही बराच झाला. पण डोळे पिवळे झाले की डॉक्टर पहिला प्रश्न ‘काढा घेता का?’ हाच विचारतात, तो उगाच नाही.

हातावरचं काळंनिळं होणंही याच टोपलीतलं असू शकतं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्ताची गुठळी होऊ देत नाहीत, ते त्यांचं कामच. त्यावर व्हिटॅमिन ई, फिश ऑइल आणि करक्युमिन अशी तिघांची भर पडली तर रक्त थांबायला आणखी वेळ लागू शकतो. हे तीन डबे बंद होतील. स्टेंटच्या दोन गोळ्या मात्र एक दिवसही चुकता कामा नयेत. हे मुद्दाम लिहितेय, कारण ‘रक्त फार पातळ झालंय’ असं ऐकून लोक नेमकी ॲस्पिरिन सोडतात. आणि शौच डांबरासारखं काळं झालं तर डॉक्टरांकडे उद्या नाही, त्याच दिवशी जायचं.

रविवारची पुडी. ६० हजार युनिटची पुडी हे उपचाराचं औषध आहे. कमतरता सापडली की साधारण आठ आठवडे, आठवड्याला एक, नंतर महिन्याला एक किंवा रोजची छोटी मात्रा, अशी बहुतेक डॉक्टरांची पद्धत. दिवाळीपासून आजपर्यंत ही मुदत कधीच उलटून गेली. व्हिटॅमिन डी चरबीत साठतं, लघवीवाटे वाहून जात नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं : तहान, बद्धकोष्ठ, अन्नावरची वासना उडणं, गोंधळल्यासारखं होणं, आणि शेवटी किडनीवर ताण. पुडी थांबवा आणि बी-१२च्याच रक्तात व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियमही बघून घ्या. साठीनंतर रोजची गरज ८०० युनिटच्या आसपास. शेजाऱ्यांना हाडं दुखतात म्हणून लिहून दिलेली चिठ्ठी त्यांच्यापुरतीच.

उरलं मल्टिव्हिटॅमिन. याने आयुष्य वाढतं म्हणावं तर अमेरिकेतल्या जवळपास चार लाख निरोगी लोकांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष आला, की रोज घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. दुसरीकडे, ‘कॉसमॉस’ नावाच्या चाचणीत वयस्कर लोकांच्या स्मरणशक्तीच्या परीक्षेत थोडा फायदा दिसला. थोडाच, पण दिसला. त्यामुळे हा एक डबा असू दे म्हणालात तर मी भांडणार नाही. फक्त त्यात लोह नाही ना ते बघा. यजमानांसारख्या पुरुषाला तपासणीशिवाय लोह देऊ नये, आणि या वयात हिमोग्लोबिन घटलं तर गोळी सुरू करण्याआधी पोटात कुठे रक्त जातंय का, ते शोधावं लागतं.

कॅन्सर टळतो का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर डब्यावरच छापलेलं आहे. चष्मा लावून मागची बाजू बघा. बारीक अक्षरांत चौकट असेल. तिचा मथितार्थ असा : हे दावे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, तपासलेले नाहीत, आणि हे उत्पादन कोणत्याही रोगाचं निदान, उपचार वा प्रतिबंध करण्यासाठी नाही. १९९४च्या तिथल्या कायद्याने असे दावे करणाऱ्याला ही चौकट छापावीच लागते. आपल्याकडेही एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार अशा डब्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं लिहिणं बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला हृदयाचं चित्र, मागच्या बाजूला ही चौकट.

आता तुमच्याकडे येते, ताई. ‘माझं काही विशेष नाही’ हे मला मुळीच पटलेलं नाही.

तुमचा थायरॉइडचा रिपोर्ट न सुधारण्याचं कारण तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकत्र पोटात गेले की कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतं, आतड्यातून ते रक्तात नीट जातच नाही. डोस दोनदा वाढला तो बहुधा याचमुळे. उद्यापासून थायरॉइडची गोळी सकाळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासोबत, त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहाही नको. कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर, दोन्हींत किमान चार तासांचं अंतर. पण हा बदल करताय हे डॉक्टरांना आधी कळवा. आतापर्यंत वाया जाणारा वाढीव डोस आता पूर्ण अंगी लागेल आणि छातीत धडधड, हात थरथरणं असे त्रास सुरू होऊ शकतात. आणि बायोटिनचा डबा फोडलाच तर लक्षात ठेवा, बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट खोटा येऊ शकतो. हृदयाच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीसुद्धा फसते. केस गळताहेत ते थायरॉइड ताळ्यावर नसल्याने असतील, तर बायोटिनने काय होणार?

जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, याला तुम्ही गुडघ्याचा दोष देत असाल. निम्मा दोष मांड्यांचा आहे. वयाबरोबर स्नायू झिजतात, आणि बाईमाणसाच्या ताटात ते भरून काढायला काही नसतं. तुमच्या एका दिवसाचा हिशोब मांडते. चार पोळ्यांतून साधारण १२ ग्रॅम प्रथिनं, वाटीभर पातळ वरणातून फार तर ४, भातातून ३, भाजीतून २-३, चहातल्या दुधातून ३. झाले पंचवीसएक ग्रॅम. तुमचं वजन ५५ किलो धरलं तरी या वयात ५५ ते ६५ ग्रॅम हवेत. म्हणजे तुम्ही निम्म्यावर जगताय. खरी कमतरता इथे आहे, आणि तिच्यासाठी डॅलसहून काही यायला नको.

सकाळी बिस्किटांऐवजी मुगाचं धिरडं आणि पेलाभर दूध. दुपारच्या पोळीबरोबर भाजी असतेच, शेजारी वाटीभर मटकीची नाहीतर चवळीची उसळ, आणि उसळ म्हणजे रस्सा नव्हे, दाणा. संध्याकाळी मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे. रात्री वरणाच्या पाण्याऐवजी पिठलं, किंवा वरण घट्ट, आणि वाटीभर दही. एवढ्यानेच तुम्ही ५५च्या पुढे जाल. भात थोडा कमी झाला तरी चालेल. आठवड्यातून तीन-चार वेळा नाचणीची भाकरी करा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. त्यावर तिळाची चटणी. दूध-दही धरून दिवसाचं आठशेच्या पुढे गेलात, तर कॅल्शियमची गोळी खरंच किती लागते हे डॉक्टरांशी बोलून कमी करता येईल. यजमानांनाही हेच ताट. त्यांचं क्रिएटिनिन मात्र आधी बघा, किडनी कमजोर असेल तर प्रथिनांचं गणित बदलतं. आणि लोणचं-पापड त्यांच्या ताटातून हळूच गायब झाले तर उत्तम.

खाल्लेली प्रथिनं स्नायूंत जायची तर स्नायूंना काम हवं. भिंतीला टेकवलेली हातांची खुर्ची घ्या. तीवर बसायचं, हाताचा आधार न घेता उठायचं, पुन्हा सावकाश बसायचं. सुरुवातीला पाच वेळा, मग वाढवत दहापर्यंत, दिवसातून दोनदा. दोघांनीही. फिरायला जाता ते ठीक, पण नुसत्या फिरण्याने मांड्या कमावल्या जात नाहीत. यजमानांचा तोल सांभाळला जाईपर्यंत रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा. त्याला काही खर्च नाही आणि खुब्याचं हाड वाचतं. तुम्हीही ६५च्या उंबरठ्यावर आहात, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी एकदा करून घ्या. बी-१२ तुमचंही बघा. मेटफॉर्मिन नसलं तरी ताट तेच शाकाहारी आहे.

मुलाचं. त्याने डबे पाठवले ते काळजीपोटी, तेव्हा ‘तुझ्या डब्यांनी बाबांचा हात काळानिळा झाला’ अशी सुरुवात नको. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या, वेळेचं जमत नसेल तर डॉक्टरांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवा. डबे एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर टेबलावर मांडा. नावं तोंडी सांगू नका, निम्मी विसरली जातात आणि मात्रा तर कुणाच्याच लक्षात नसते. ‘काय पाठवू?’ असं त्याने विचारलंच तर म्हणावं, दोघांच्या रक्ततपासण्या, दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस यांचा खर्च तू उचल. मधुमेही, स्टेंट असलेल्या ६९ वर्षांच्या माणसाला आजारापासून वाचवायचं तर या लशी त्या फिश ऑइलपेक्षा कितीतरी कामाच्या.

तुमची टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची, तपासणी गोळ्यांच्या वेळा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी करा, त्याआधी केलीत तर आकडा स्थिरावलेला नसतो. तोवर डोस वाढवायचा नाही, धडधड वाटली तर मात्र लगेच दाखवायचं. यजमानांचा बी-१२चा रिपोर्ट आला की मला लिहा.